टबात बसणार कोण?

बँकेत बावीस वर्षे काढलेल्या माणसाला लोक काय विचारतील याचा नेम नाही. नोट खरी की खोटी हे विचारतात, ते मी समजू शकतो. पण आमच्या इमारतीतले शेजारी आंब्याची पेटी उघडून माझ्यासमोर धरतात आणि "घेऊ का हो?" म्हणून विचारतात. वास्तविक मी बी.कॉम. आंब्याशी माझा संबंध खाण्यापुरता, आणि तोही भाव उतरल्यावर. परंतु जो माणूस दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजतो त्याला जगातल्या सगळ्याच वस्तूंची किंमत कळत असली पाहिजे, असा लोकांचा समज आहे. माझी पगाराची स्लिप कुणी पाहिली असती तर हा समज टिकला नसता.

तरीसुद्धा मागच्या महिन्यात ओहायोहून माझ्या मेहुण्याने फोनवर जे विचारले, त्याला माझी मुळीच तयारी नव्हती.

"भाऊजी, हॉट टब घ्यायचा आहे. पहिलाच आहे. कोणता घेऊ?"

'पहिलाच आहे' हे तो अशा काळजीने म्हणाला, की मी त्याला डिंकाचे लाडू पाठवायचे का, असे विचारणार होतो.

आता मी राहतो डोंबिवलीत. आमच्या न्हाणीघरात माणूस आणि बादली या दोघांना एकाच वेळी बसता येत नाही. एकाला उभे राहावे लागते, आणि बादली ऐकत नाही. तेव्हा टबाचा माझा अनुभव शून्य. पण म्हणून काय झाले? मी जन्मात कधी ट्रॅक्टरवर बसलो नाही, तरी ट्रॅक्टरच्या कर्जाचे शेकडो कागद तपासले आहेत, आणि त्यांतले बरेचसे फिटलेही आहेत. वस्तू वापरलेली नसली की माणूस तिच्याकडे डोके थंड ठेवून पाहू शकतो. मी म्हटले, "कोटेशन पाठव."

ज्यांना हॉट टब म्हणजे काय ते ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हा आंघोळीचा टब नव्हे. यात आंघोळ करायची नसते; आंघोळ करून मग यात बसायचे असते. साबण लावायचा नाही, अंग चोळायचे नाही, स्तोत्र म्हणायचे की नाही हे ऐच्छिक आहे. तिकडे घराच्या मागच्या अंगाला लाकडी फळ्यांचा एक ओटा असतो, त्याला डेक म्हणतात. त्या डेकवर ॲक्रिलिकचा एक हौद ठेवायचा, त्यातले पाणी विजेवर तापवायचे, पंपाने त्यात झोत आणि बुडबुडे सोडायचे, आणि उघड्यावर गळ्यापर्यंत पाण्यात पंधरा मिनिटे बसून राहायचे. भोवती बर्फ पडत असेल तर उत्तम. आपल्याकडे थंडीत ओल्या अंगाने बाहेर बसणाऱ्याला घरची माणसे डॉक्टरकडे नेतात. तिकडे ही सोय हप्त्याने मिळते.

कोटेशन आले. आठ माणसांचा टब. बहात्तर जेट, म्हणजे पाण्याचा झोत सोडणारी बहात्तर भोके. निळे-जांभळे दिवे. पाण्यात बसून गाणी ऐकायची सोय. किंमत साडेतेरा हजार डॉलर, आणि ही किंमत फक्त महिनाअखेरपर्यंत. सोबत माहितीपत्रक होते. त्यावरच्या चित्रात आठ माणसे टबात बसली होती, आठांचेही सगळे दात दिसत होते आणि आठांच्या हातांत दारूचे पेले होते. मागच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिले होते, की मद्य घेऊन टबात बसणे धोक्याचे आहे. चित्र काढणाऱ्याने मागचे पान वाचलेले दिसत नव्हते.

आता माझ्या मेहुण्याचे कुटुंब केवढे? तो, त्याची बायको आणि एक चौदा वर्षांची मुलगी, जी जेवायलासुद्धा खोलीबाहेर येत नाही. एकूण अडीच.

तेव्हा या लेखात मला आठ जणांच्या टबाविरुद्ध बोलायचे आहे. नीट लक्षात घ्या, टबाविरुद्ध नव्हे. आठ जणांच्या टबाविरुद्ध. हे स्पष्ट करण्याचे कारण असे, की माझ्या बाजूने बोलायला जे लोक पुढे आले, त्यांचे मुद्दे ऐकून मला माझ्याच बाजूची भीती वाटू लागली.

पहिले आमच्या शाखेतले कॅशवाले. दुपारच्या डब्याला मी विषय काढला, तर पोळीचा घास तसाच हातात धरून ते कडाडले, "अहो, इथे लोकांना प्यायला पाणी नाही आणि तुमचा मेहुणा बुडबुड्यांत बसतोय!"

हा मुद्दा मला लागला. कारण २०१६ साली माझी बदली लातूरला होती. त्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी आणले गेले, ते मी पाहिले आहे. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. आमच्या गल्लीत टँकर यायचा तेव्हा मीही कळशी, बादली आणि प्रेशर कुकर घेऊन रांगेत उभा राहिलेलो आहे. आठ जणांच्या टबात साधारण चारशे गॅलन, म्हणजे दीड हजार लिटर पाणी मावते. मी मनात भागाकार केला: त्या पहिल्या आगगाडीत तीनशे तेहतीस टब! माझे रक्त तापले. चाळीस अंशांच्या वर गेले असावे.

पण कॉमर्सच्या माणसाचे दुर्दैव असे, की राग आला तरी तो आधी दुसऱ्या बाजूची बेरीज करून पाहतो. टबातले पाणी रोज बदलत नाहीत. ते गाळत, औषध घालत तीन-चार महिने चालवतात. म्हणजे वर्षाला चार वेळा भरले तरी सहा हजार लिटर. आता माझी बादली वीस लिटरची. मी रोज एक बादली घेतो, रविवारी दीड. रविवारची अर्धी सोडून दिली तरी वर्षाचे होतात सात हजार तीनशे लिटर. म्हणजे लातूरच्या नावाने मेहुण्याला शिव्या देणारा मी एकटा, दाटीवाटीच्या न्हाणीघरात उभा राहून, त्याच्या आठ जणांच्या टबापेक्षा जास्त पाणी अंगावर ओततो! खरे पाणी तर टबात जाण्याआधीच्या आंघोळीत जाते. दहा मिनिटांच्या शॉवरला तिकडे नव्वद-पंचाण्णव लिटर सहज लागतात. तेव्हा पाण्याचा मुद्दा मी मागे घेतला. ओहायोतला टब कोरडा ठेवल्याने लातूरची घागर भरत नाही. कॅशवाल्यांना हे पटले नाही. पण त्यांच्या घरी शॉवर आहे.

मात्र लातूरला मी एक गोष्ट शिकलो होतो. आमच्या गल्लीतला टँकरवाला नळी हातात घेण्याआधी एकच प्रश्न विचारायचा, "घरात माणसं किती?" हा प्रश्न तुम्ही डोक्यात ठेवा. मला तो पुढे लागणार आहे.

दुसरा विरोध घरातून आला. आमची ही म्हणाली, "म्हणजे नुसतं बसायचं? काही न करता? बाबांनी जन्मभर भातशेती केली, आणि हा पाण्यात बसणार!"

वास्तविक हिचे माहेर तुरळचे. संगमेश्वर तालुक्यात तुरळ, राजवाडी, आरवली या गावांत जमिनीतूनच गरम पाणी येते. तिकडे राजापूरजवळ उन्हाळे आहे, इकडे वज्रेश्वरी-अकलोली आहे. कोकणातल्या माणसाला देवाने हे टब फुकट दिले आहेत, हप्ता नाही, वीजबिल नाही. हीच मला सांगते, की भातलावणी आटोपली की गावातली माणसे गुडघे धरून कुंडावर जायची, आणि हिचा भाऊ तर शाळा बुडवून जायचा. मी हे तिला आठवून दिल्यावर ती म्हणाली, "ते वेगळं. ते देवाचं पाणी."

या टबाचा जन्मही काही चैनीतून झालेला नाही. जकुझी नावाचे एक इटालियन कुटुंब अमेरिकेत कॅलिफोर्नियात जाऊन स्थिरावले. भावाभावांनी मिळून आधी विमानांचे पंखे केले, मग विहिरीचे पंप. त्यांच्यातल्या कॅन्डिडो जकुझींच्या मुलाला, केनेथला, लहानपणीच संधिवाताने धरले. त्याला इस्पितळात पाण्याच्या झोतांचा उपचार द्यायचे. बापाने विचार केला, आपण पंपवाले आणि आपल्या पोराला पाण्यासाठी इस्पितळात कशाला जायला हवे? त्यातून घरच्या टबात ठेवायचा पंप तयार झाला, आणि १९५६ साली तो 'जे-३००' या नावाने विक्रीला आला. पुढे १९६८ साली त्याच घराण्यातल्या रॉय जकुझींनी टबाच्या अंगातच झोत बसवले. गोष्ट एवढीच. मुद्दा असा, की आधी एक दुखरे पोर होते, त्याला नाव होते, आणि मग पंप झाला. आठ दात दाखवणारी माणसे फार नंतर आली.

म्हणून म्हणतो, पाण्यात बसणे हा गुन्हा नाही. दिवसभर संगणकासमोर बसून ज्याची मान आखडली आहे त्याने संध्याकाळी पंधरा मिनिटे कोमट सुख घेतले, तर आपल्या पोटात का दुखावे? माझी तक्रार सुखाबद्दल नाही. माझी तक्रार जागांबद्दल आहे.

आठ जागा घेतल्या की काय होते ते हिशेबाने पाहा. दीड हजार लिटर पाणी दहा अंशांवरून चाळीस अंशांवर न्यायचे तर बावन्न युनिट वीज लागते. साडेपाच किलोवॉटचा हीटर असेल तर साडेनऊ तास, आणि दीड किलोवॉटचा असेल तर पस्तीस तास. एकदा तापले की पुढे फक्त गळती भरून काढायची, हे खरे. पण ही गळती माणसे मोजत नाही. टबात एक माणूस बसो की आठ, पाणी सगळे तापवावे लागते. म्हणजे सहा जागा रोज गरम, आणि रोज रिकाम्या! चार जणांच्या टबात साधारण अडीचशे गॅलन मावतात, म्हणजे साडेनऊशे लिटर. बाकीचे साडेपाचशे लिटर आपण कुणासाठी तापवतो, असा प्रश्न ऑडिटर आले तर नक्की विचारतील.

आता वजन. मेहुणा हा टब वरच्या मजल्याच्या डेकवर ठेवणार होता, कारण तिथून झाडी छान दिसते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. पण वस्तू विकत घेताना शाळेतले काही आठवत नाही. पाणी दीड हजार किलो, रिकामा टब चारशे, आणि सत्तर किलोची आठ माणसे म्हणजे पाचशे साठ. एकूण जवळजवळ अडीच टन. मारुती ८०० ही गाडी सुमारे साडेसहाशे किलोची. तेव्हा तुमच्या माडीच्या लाकडी ओट्यावर, साडेसात फूट चौरसात, तुम्ही पावणेचार मारुती एकीवर एक रचणार आहात. तिकडे साध्या डेकचा हिशेब बहुधा चौरस फुटाला चाळीस पौंड भार असा धरलेला असतो. टबाचा येतो शंभराच्या आसपास. झाडी छान दिसते हे ठीक. पण ती खालून वर पाहताना दिसू नये.

मी हे फोनवर सांगितले, तर मेहुणा म्हणाला, "भाऊजी, पण बहात्तर जेट आहेत."

या जेटच्या आकड्याने माणसे वेडी होतात. आमच्या इमारतीला एकच पंप आहे. सकाळी सातला सगळ्या बिऱ्हाडांत नळ सुटले की तिसऱ्या मजल्यावर नळातून पाण्याऐवजी सुस्कारा येतो. जेटचेही तसेच. पंप तेवढाच ठेवून भोके वाढवली की प्रत्येक भोकाचा जोर कमी होतो. बहात्तर झोतांनी गुदगुल्या करून घेण्यापेक्षा वीस झोतांनी पाठ रगडून घेतलेली बरी. विचारायचे ते हे, की पंप किती, आणि दुखते तिथे झोत लागतो का. त्यासाठी दुकानात जाऊन कोरड्या टबात बसून पाहावे. लाज वाटते, पण आपण चप्पल घेताना दुकानभर चालून पाहतोच की.

आणि विक्रेता ज्याबद्दल सगळ्यांत कमी बोलतो त्या गोष्टीकडे सगळ्यांत जास्त लक्ष द्यावे. ती म्हणजे झाकण. उष्णता वरून पळते. झाकण जाड हवे, कडेला घट्ट बसणारे हवे, आणि लहान मुले आसपास असतील तर त्याला कुलूप हवे. झाकणातला फोम काही वर्षांनी पाणी पितो आणि जड होतो, तेव्हा नव्या झाकणाची किंमत आजच विचारून ठेवावी. साध्या प्लगवर, म्हणजे तिकडच्या १२० व्होल्टवर चालणारा टब स्वस्त पडतो, पण ओहायोच्या थंडीत त्याच्या हीटरला दम लागतो. २४० व्होल्टची वेगळी लाइन घ्यायची तर वायरमनचे पैसे कोटेशनात धरलेले नसतात. पाण्यात क्लोरीन किंवा ब्रोमीन घालावे लागते आणि आम्लता कागदाच्या पट्टीने तपासावी लागते. नाहीतर कोमट पाण्यात आपल्या आधी जंतू सुखाने बसतात. चाळीस अंशांच्या वर पाणी नेऊ नये. गरोदर बाईने, हृदयरोग्याने आणि रक्तदाबवाल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाय बुडवू नये. हे सगळे मागच्या पानावर बारीक अक्षरांत असते. बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला पाने मागून वाचायची सवय आहे.

एवढे बोलून मी विजयी मुद्रेने फोन खाली ठेवणार, तोच सासूबाईंनी तो माझ्या हातातून घेतला. त्या सध्या गुडघ्यांच्या औषधासाठी आमच्याकडे आल्या आहेत. फोनच्या काचेत मुलगा दिसतो म्हणून त्या प्रत्येक वेळी आधी पदर सारखा करतात.

"काय रे, आठ जागा कशाला?" त्यांनी विचारले. "येतं कोण तुझ्याकडे?"

मी इतके आकडे सांगितले होते, पण टँकरवाल्याचा प्रश्न त्यांनी विचारला.

पलीकडे जरा वेळ काही ऐकू आले नाही. मला वाटले फोन तुटला. मग मेहुणा म्हणाला, "कुणी येत नाही म्हणूनच मोठा घेतोय, आई. मोठा असला की येतील."

वाचकहो, या वाक्यावर माझ्याकडे एकही आकडा नव्हता.

आणि हसू नका. हे काही ओहायोतच घडते असे नाही. मी गृहकर्जाचे अर्ज पाहिले आहेत. दोन खोल्यांत नीट मावणारे जोडपे तिसऱ्या खोलीसाठी वीस वर्षांचा हप्ता डोक्यावर घेते, कारण पाहुणे आले तर? त्या खोलीत पुढे इस्त्रीचे कपडे राहतात. आमच्या शोकेसमध्ये चोवीस जणांचा डिनर सेट आहे. लग्नात आलेला. चोवीस माणसे आमच्याकडे एकदाच जेवली, बारशाला, आणि तेव्हा पत्रावळी आणल्या होत्या, सेट फुटेल म्हणून. जागा केली की माणसे येतात, असे आपण धरून चालतो. खरे पाहता आमच्या लहानपणी दीड खोलीत रात्री अकराला पाहुणे यायचे, आणि त्यांना बसायला जागा नसायची म्हणून ते उभ्याउभ्या चार दिवस राहायचे! माणसे जागेला येत नाहीत. कुणी बोलावले तर येतात. टबवाला आठ खुर्च्या विकतो, त्यांवरची माणसे त्याच्याकडे नसतात. चित्रात मात्र तो ती फुकट दाखवतो. माझा सगळा राग आहे तो या चित्रावर. एकट्या माणसाचे एकटेपण हेरून त्याला त्यावर सहा रिकाम्या जागा व्याजाने द्यायच्या, याला आमच्या बँकेत आम्ही बुडीत कर्ज म्हणतो.

त्या रात्री मी टेबलावर बसून एक अर्ज तयार केला. बँकेत खाते उघडताना आम्ही आधी खातेदारांची नावे विचारतो, खात्याचा प्रकार नंतर. त्याच धर्तीवर वर लिहिले, 'टब मागणी अर्ज', आणि खाली आठ ओळी आखल्या. सूचना: 'टबात प्रत्यक्ष बसणाऱ्या व्यक्तींची नावे लिहावीत. एका ओळीत एकच नाव. जर-तर चालणार नाही.' फोटो काढून मेहुण्याला पाठवून दिला.

दोन दिवसांनी अर्ज भरून परत आला. पहिल्या ओळीवर स्वतः. दुसरीवर बायको. तिसरीवर मुलगी, आणि पुढे कंसात 'विचारून सांगतो'. चौथीवर 'ताई-भाऊजी आले तर'. पाचवीवर 'शेजारचे आजोबा', आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह. बाकी कोरे.

मी शेरा मारून परत पाठवला: 'ओळ ४: एका ओळीत दोन नावे, आणि सशर्त. अमान्य. ओळ ५: नाव लिहा.'

त्याचा फोन आला. "भाऊजी, त्यांचं नाव मला ठाऊक नाही हो. सहा वर्षं हात हलवतो आम्ही एकमेकांना. विचारायचं राहून गेलं."

"मग विचारून ये. अर्ज अपुरा आहे," मी म्हटले. कारकुनाच्या खुर्चीत एवढी एकच सत्ता असते, ती मी पुरेपूर वापरली.

तो गेला. हे त्याने मला नंतर सांगितले. हातात हिच्या पद्धतीने केलेल्या चकल्यांचा डबा घेऊन गेला, आणि नाव विचारायला लागली पाच मिनिटे, परत यायला लागले दोन तास. आजोबा निवृत्त सुतार निघाले. टबाचा विषय निघाला तसे ते उठून याच्या घरी आले, डेकच्या खाली वाकले, टॉर्च मारला आणि मान हलवली. डेकची जी मुख्य फळी घराच्या भिंतीला धरून असते, ती आधीच्या मालकाने नुसत्या खिळ्यांवर ठोकली होती. तिला बोल्ट हवेत. खिळे हळूहळू सुटतात. आजोबा म्हणाले, टब राहू दे, इथे वाढदिवसालासुद्धा जास्त माणसे उभी करू नकोस. मी आकडे सांगितले होते, पण त्यांनी खाली वाकून पाहिले. आठ जणांचा टब त्या डेकवर चढला असता तर त्या चित्रातली माणसे कुठे जाऊन बसली असती, हा विचार मी अजून पूर्ण करत नाही.

महिनाअखेर उलटली. साडेतेरा हजारांची सवलत संपली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू झाली, ती पुढच्या महिनाअखेरपर्यंत. आता चार जणांचा टब घ्यायचे ठरत आहे, सात हजार डॉलरांचा, तोही खाली जमिनीवर सिमेंटच्या ओट्यावर. तिथून झाडी दिसत नाही, शेजारचे अंगण दिसते. उरलेल्या साडेसहा हजारांतून तिकिटे काढून तिघेही मे महिन्यात तुरळला येणार आहेत. मुलीला कुंड दाखवायचे आहे, असे तो म्हणतो. ती खोलीबाहेर येते का ते बघू.

सासूबाईंनी माझा अर्ज देवघरात हळदीकुंकवाच्या डबीखाली ठेवला होता. परवा मी तो काढून घेतला आणि रीतसर पूर्ण केला. पहिल्या तीन ओळींवर घरची तीन नावे होतीच. चौथीवरचे 'आले तर' खोडून मी आजोबांचे नाव लिहिले. मग बँकेच्या नियमाप्रमाणे उरलेल्या चार ओळींवर एक तिरकी रेघ ओढली, म्हणजे मागाहून कुणी भलत्याने त्यांत काही भरू नये, आणि रेघेवर लिहिले, 'निरंक'.

सासूबाईंनी तो कागद डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. "आणि आम्ही कुठं बसायचं?" त्यांनी विचारले.

"आई," मी म्हणालो, "तुम्हाला रक्तदाब आहे. तुम्ही काठावर बसा आणि बोला."

"ते बोलेन," त्या म्हणाल्या.